आधी धुपदाळ, मग धबधबा

बेळगाव

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन गोकाकला येतोस, हे वाचून फार आनंद झाला. तेव्हा धबधब्याला पाणी बेताचंच असेल. 52 मीटरांचा तो कडा पाहावा तर श्रावणात. म्हणून माझा हट्ट आहे, आधी धुपदाळला जा.

घटप्रभा स्टेशनापासून जवळच नदीवर तिथला तो जुना बंधारा आहे. 1876-78 च्या दुष्काळात आपला सगळा मुलूख होरपळला, आणि पुढच्या काळात इंग्रजांनी हे काम उभं केलं. डावा कालवा इथूनच निघतो. पहिल्या टप्प्यात 71 किलोमीटर, पुढे हिडकल धरणाच्या जोरावर 109 पर्यंत. कालव्याच्या पाण्यात चंदगडकडून येणारी घटप्रभा आहे, तशी आंबोलीत उगवून संकेश्वरावरून आलेली आपली हिरण्यकेशीही आहे.

पण मुलांना आकडे नंतर सांग. तुझे आजोबा या कालव्यावर पाटकरी, म्हणजे शेतांना पाणी वाटून देणारे, होते, हे आधी सांग. पाण्याची पाळी सुरू झाली की रात्री कंदील घेऊन ते चारीने, म्हणजे कालव्याच्या फाट्याने, चालत. वरचे शेतकरी चारीची दारं उघडी ठेवत, मग टेलचं, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाचं, रान कोरडंच राही. आजोबा तिथे उभे राहून, कन्नडमध्ये समजावून, दार बंद करवून घेत आणि मगच घरी येत. टेलचं रान भिजल्याशिवाय पाळी झाली असं ते कधी मानत नसत. मला तर हा माणूस कुठल्याही किल्लेदाराइतकाच मोठा वाटतो.

धबधब्यावरची 1887 सालची सूतगिरणी आणि 201 मीटरांचा झुलता पूल पाहाच. त्यांचे फोटो सगळेच काढतात. चारीवरच्या चौक्यांचे मात्र कुणी काढत नाही. तू काढ. आणि तिकडचे जुने पाटकरी भेटले तर बसून बोलून घे, मोबाइलवर आवाज भरून ठेव. कुठल्या मोरीला काय म्हणत, भांडणं कशी मिटवत, हे सगळं त्यांच्याच तोंडी आहे रे, कागदावर कुठेच नाही.

पक्ष्यांसाठी दुर्बीण आण. बंधाऱ्यामुळे साठलेल्या पाण्यावर हिवाळ्यात दूरदेशीचे करकोचे उतरतात. 1974 पासून ते अभयारण्य आहे. परतताना मुलांसाठी करदंट, ती गोकाकची मिठाई, घे, आणि मुक्काम आमच्याकडेच. गाडीची वेळ कळव, स्टेशनावर येतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अरुण