मुके झाले, मेले नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'अँटिबायोटिक विसरा, लसूण-हळद वापरा' अशा थाटाची बातमी आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचली. आतलं संशोधन खोटं नाही. पण मथळा वाचून कुणीतरी जखमेवर लसूण बांधून बसेल, आणि तसं बांधलेलं मी पाहिलेलं आहे.

मी इथे बडोद्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये जंतूंचं कल्चर लावण्याचं, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याचं काम करते. एम.एस्सी.ला असताना बातमीतला हाच प्रयोग हाताखालून गेला होता. क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम नावाचा माती-पाण्यातला एक जंतू आहे. जंतूंचं खाद्य घातलेल्या काचेच्या प्लेटवर पसरून ठेवला की ती पिकल्या जांभळासारखी होते. हा रंग एकटादुकटा जंतू करत नाही. प्रत्येक जण एक रासायनिक निरोप बाहेर सोडत असतो. गर्दी वाढून निरोप पुरेसा दाट झाला, की मग सगळे मिळून रंग बनवायला घेतात. यालाच कोरम सेन्सिंग म्हणतात.

त्या प्लेटवर लसूण, लवंग अशा कशाच्या तरी अर्कात भिजवलेली कागदी चकती ठेवायची. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती बिनरंगी कडं दिसतं. इथे घाई करायची नाही, प्लेट ट्यूबलाइटसमोर धरायची. कडं आरपार स्वच्छ असेल तर जंतू मेलेत. दुधट, गढूळ असेल तर ते तिथेच आहेत, मजेत वाढलेही आहेत, फक्त निरोप पोचला नाही म्हणून रंग बनलेला नाही. लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड यांच्यावर एवढं काम चाललंय ते या दुधट कड्यासाठी. आपल्या बातमीत मात्र 'जंतूंचा खात्मा' असं छापलंय!

निरोप अडवण्याचा उपयोग काय? कॅथेटरच्या नळीत, जुन्या जखमेत, दातांवर जंतू सुटे राहत नाहीत. चिकट थर करून त्यात दडून बसतात. हाच बायोफिल्म. मोरीच्या जाळीखाली बोट फिरवलं की हाताला बुळबुळीत लागतं, तोही बायोफिल्मच. सूक्ष्मदर्शकातून जंतू पाहणाऱ्या लेव्हेनहुकने सतराव्या शतकातच लिहून ठेवलंय की व्हिनेगारने दातांवरच्या कीटणातले बाहेरचे जीव मेले, आतले नाही. अँटिबायोटिकचंही तसंच होतं. सुट्या जंतूला पुरणारा डोस थरातल्या जंतूला पुरत नाही, कधी हजारपटीचाही फरक पडतो. जखमा चिघळवणारे स्यूडोमोनाससारखे जंतू हा थर आणि आपली विषं बऱ्याच अंशी या निरोपांच्या जोरावर बनवतात. निरोप अडला तर थर कच्चा राहतो आणि औषध आत शिरू शकतं. म्हणजे ही संयुगं औषधाच्या जोडीला हवीत, त्याच्या जागी नव्हेत. बातमीत नेमकं उलटं झालंय.

आता लसणाबद्दल. स्यूडोमोनासचे निरोप अडवणारं त्यातलं संयुग अजोइन. अख्ख्या पाकळीत ते नसतंच. लसूण ठेचला की आधी अॅलिसिन बनतं, आणि ते मोडून, विशेषतः तेलात, अगदी थोडं अजोइन तयार होतं. आख्ख्या पाकळ्या गरम फोडणीत टाकल्या तर अॅलिसिन बनवणारं एन्झाइमच मरतं. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच कमी जातं. शिवाय त्याचा पिवळा रंग आणि चमक प्रयोगशाळेतल्या मोजमापातही लुडबुड करते, त्यामुळे त्याचे निकाल मी तरी दोनदा तपासून घेईन. थंडीत खंडेराव मार्केटातून ओली हळद आणि लीलू लसण (पातीचा ओला लसूण) आमच्याही घरी पिशवी भरून येतो, पण तो जिभेसाठी.

'जंतूंना याची सवय कधीच होणार नाही' हे बातमीतलं वाक्यही खोडायला हवं. निरोप अडवणारं असं संयुग आपल्या पेशीतल्या पंपाने बाहेर फेकणारे जंतू प्रयोगशाळेत सापडले आहेत.

ओळखीतल्या एका मधुमेही काकांनी तळपायाच्या जखमेवर रात्रभर लसणाची पेस्ट बांधली होती. कच्च्या लसणाने कातडी भाजते. मधुमेहाने पाय बधिर, त्यांना कळलंच नाही. सकाळी पट्टी सोडली तर जखमेभोवतीची कातडी फोडांनी भरलेली. जखमेतला नमुना घेतलेला बोळा, म्हणजे स्वॅब, माझ्याच टेबलावर आला. स्यूडोमोनास होताच.

तेव्हा विनंती एवढीच: येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या टाइपात, एक चौकट छापा. 'उघड्या जखमेवर लसूण बांधू नये. डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक मध्येच सोडू नये.' आणि पुढे अशी बातमी आली, तर अर्क कशात काढला, किती वापरला आणि प्रयोग प्लेटवर झाला की माणसावर, हे बातमीदाराला विचारून मगच मथळा द्यावा.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे