एकाच पडद्यावर दोन पांढरे: फोनच्या डिस्प्लेवरील असमान रंगछटेबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग.

विषय: वॉरंटीत असलेल्या मोबाइल फोनच्या ओएलईडी डिस्प्लेवरील असमान रंगछटा, आणि ‘दोष मर्यादेत आहे’ असे सांगून नाकारलेली दुरुस्ती.

संदर्भ: सोबत जोडलेले खरेदीचे बिल, सर्व्हिस सेंटरची जॉबशीट आणि आपल्या ग्राहक सेवा विभागाकडून आलेला ईमेल.

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून मी जो फोन विकत घेतला, त्याचा पडदा सगळीकडे एकाच रंगाचा दिसत नाही. कोरे पांढरे किंवा राखाडी पान उघडले, की पडद्याचा वरचा भाग हिरवट आणि खालचा भाग, विशेषतः उजव्या कडेला, गुलाबी दिसतो. ब्राइटनेस पूर्ण असेल तर हा फरक सौम्य असतो. परंतु दिवेलागणीनंतर ब्राइटनेस कमी केला, की तो कोणालाही न सांगता कळावा इतका ठळक होतो, आणि गडद राखाडी पार्श्वभूमीवर धुरकट उभे पट्टेही उमटतात. फोन पडलेला नाही, त्याला पाणी लागलेले नाही, त्याच्या काचेवर साधा ओरखडाही नाही आणि तो वॉरंटीच्या मुदतीत आहे.

ही तक्रार करण्यापूर्वी मी शक्य ती सर्व काळजी घेतली आहे. रात्रीचा उबदार प्रकाश आणि सभोवतालच्या उजेडानुसार रंग बदलणारी सोय बंद ठेवली, रंगांसाठी ‘नैसर्गिक’ हा पर्याय निवडला, स्क्रीन गार्ड काढला, आणि माझ्या जावेचा याच मॉडेलचा, याच सॉफ्टवेअर आवृत्तीचा फोन शेजारी ठेवून दोन्हींवर तेच राखाडी चित्र त्याच ब्राइटनेसला उघडले. तिचा पडदा वरपासून खालपर्यंत एकसारखा आहे. दोघींनी किंमत तीच मोजली, खोक्यावरचे नाव तेच आहे, जाहिरातीतले दावेही तेच आहेत. तरीही हातात आलेली वस्तू तीच नाही. किंबहुना याच खरेदीत मला सुरुवातीला आलेल्या फोनचा पडदा सबंधच पिवळट होता आणि तो आपण बदलून दिला होता. सध्याचा फोन म्हणजे तो बदली फोन. म्हणजे एकाच मॉडेलच्या तीन पडद्यांवर मी तीन प्रकारचे पांढरे पाहिले आहे. असे असताना यातले कोणते पांढरे आपण प्रमाण मानता, हे विचारण्याचा मला हक्क आहे असे मी मानते.

सर्व्हिस सेंटरमध्ये माझ्या फोनची जी तपासणी झाली, तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तक्रारीचे मूळ तिथेच आहे. तेथील तंत्रज्ञांनी काउंटरवरच्या लख्ख उजेडात, पूर्ण ब्राइटनेसवर, लाल, हिरवा, निळा आणि पांढरा असे चार रंग पडद्यावर आणले, डेड पिक्सेल (न उजळणारे ठिपके) नाहीत असे पाहिले आणि जॉबशीटवर ‘डिस्प्ले ओके’ असा शेरा मारला. राखाडी चित्र कमी ब्राइटनेसवर पाहण्याची माझी विनंती ‘ती आमच्या तपासणीत नाही’ म्हणून नाकारली गेली. पुढे आपल्या ग्राहक सेवेने माझ्याकडे दोषाचा स्क्रीनशॉट मागवला. स्क्रीनशॉटमध्ये फोनने पडद्याकडे पाठवलेले चित्र साठवले जाते, पडद्याने ते कसे दाखवले हे त्यात येत नाही; त्यामुळे या प्रकारचा दोष स्क्रीनशॉटमध्ये कधीही दिसणार नाही. तो दाखवायचा तर दुसऱ्या कॅमेऱ्याने, व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचे रंगसंतुलन) एका ठिकाणी कायम ठेवून, अंधाऱ्या खोलीत फोटो काढावा लागतो. तसे फोटो मी पाठवले. त्यावर आलेले उत्तर एवढेच होते, की ओएलईडी पडद्यांमध्ये थोडाफार फरक स्वाभाविक असतो आणि माझ्या फोनमधील फरक कंपनीच्या मर्यादेत आहे.

फरक स्वाभाविक असतो, हे मला मान्य आहे. माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी आहे आणि हे पडदे कसे तयार होतात हे मी त्याच्याकडून नीट समजून घेतले. एलसीडी पडद्याला मागून एकच प्रकाश असतो, तर ओएलईडीमध्ये प्रत्येक उपपिक्सेल, म्हणजे चित्रातल्या ठिपक्याचा लाल, हिरवा किंवा निळा भाग, स्वतः उजळतो आणि त्याला लागणारा विद्युतप्रवाह त्याच्याखालचे सूक्ष्म ट्रान्झिस्टर ठरवतात. त्या ट्रान्झिस्टरसाठी काचेवर किंवा प्लॅस्टिकवर सिलिकॉनचा पातळ थर देऊन त्यावर लेझर फिरवतात, म्हणजे त्याचे स्फटिक बनतात. लेझरची तीव्रता किंचित कमीजास्त झाली तरी स्फटिकांच्या कणांत फरक पडतो, आणि मग शेजारशेजारचे ट्रान्झिस्टर एकाच आज्ञेला सारखा प्रतिसाद देत नाहीत. पूर्ण ब्राइटनेसवर प्रवाह मोठा असल्याने हा फरक झाकला जातो. मंद राखाडी रंगासाठी प्रवाह अगदी थोडा लागतो आणि तिथे तोच फरक पट्ट्यांच्या रूपाने उघडा पडतो. दुसरे कारण म्हणजे प्रकाश देणारे सेंद्रिय पदार्थ निर्वात कक्षात वाफेच्या रूपाने, बारीक छिद्रांच्या धातूच्या जाळीतून पडद्यावर बसवले जातात. त्या थरांची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजतात आणि ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जरा बदलली, तरी बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा रंग सरकतो. माझ्या फोनवर वरून खाली हळूहळू बदलत जाणारी झाक याच जातीची असावी, असे त्याचे मत आहे. पट्टे हा बहुधा निराळा दोष आहे.

परंतु याच अभ्यासातून दुसरी गोष्टही कळली, आणि ती आपल्या उत्तराच्या विरोधात जाते. हा असमानपणा पडदे बनवणाऱ्यांना इतका परिचित आहे, की त्याला मुरा असे नाव आहे आणि तो कमी करण्याची ठरलेली रीतही आहे. कारखान्यात अचूक कॅमेऱ्याने पॅनेलचे फोटो घेतात, कोणता भाग किती चुकतो ते मोजतात आणि त्यानुसार दुरुस्तीची आकडेवारी त्या पॅनेलसाठी साठवून ठेवतात. म्हणजे पडदा कारखान्यातून बाहेर पडण्याआधी मोजला जाऊ शकतो, सुधारला जाऊ शकतो, आणि सुधारत नसेल तर बाजूला काढला जाऊ शकतो. कुठवरचा पडदा फोनमध्ये बसवायचा आणि कुठला नाकारायचा, ही रेषा आपण स्वतः आखलेली आहे. ती सैल ठेवली तर जास्त पॅनेल वापरता येतात आणि खर्च वाचतो. पण त्या सैलपणाची किंमत ज्याच्या वाट्याला वाईट पॅनेल येते त्या ग्राहकाने पूर्ण पैसे मोजून का भरावी?

आपल्या संकेतस्थळावर याच मॉडेलबद्दल दोन विधाने आहेत: प्रत्येक डिस्प्ले कारखान्यात स्वतंत्रपणे कॅलिब्रेट केलेला (मोजून जुळवलेला) आहे, आणि रंगांतील चूक डेल्टा ई एकपेक्षा कमी आहे. डेल्टा ई म्हणजे अपेक्षित रंग आणि प्रत्यक्ष दिसणारा रंग यांतील अंतर, आणि एकच्या आसपासचे अंतर डोळ्याला जेमतेम जाणवते, असा सर्वसाधारण निकष आहे. माझ्या फोनच्या वरच्या आणि खालच्या भागातील फरक घरातल्या कोणालाही हातभर अंतरावरून दिसतो. आपला आकडा पडद्याच्या फक्त मध्यबिंदूवर मोजलेला असेल, किंवा फक्त एका विशिष्ट ब्राइटनेसला मोजलेला असेल, तर जाहिरातीत तसे स्पष्ट लिहायला हवे होते. ग्राहक संपूर्ण पडदा विकत घेतो आणि तो दिवसा-रात्री वापरतो.

माझ्यासाठी हा केवळ डोळ्याला खटकणारा दोष नाही. येवल्यात आमचे पैठणीचे छोटे दुकान आहे आणि पुण्या-मुंबईकडची, काही परदेशातली गिऱ्हाइके फोनवर फोटो पाहून साडी निवडतात. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला, की साडी हलेल तशी तिची छटा बदलते; त्यामुळे मोतिया, अबोली, फिकट पिस्ता अशा रंगांचा फोटो पाठवण्यापूर्वी तो साडीशी ताडून पाहणे आणि गरज पडल्यास रंग दुरुस्त करणे हे माझे रोजचे काम आहे. रंग विश्वासाने दाखवतो असे सांगितले गेले, म्हणूनच हा महागडा फोन घेतला. आता मोतिया रंगाची तीच साडी पडद्यावर वर सरकवली की हिरवट आणि खाली आणली की गुलाबी दिसते, आणि त्यातली कोणती छटा फोटोत खरोखर आहे हे कळायला मार्ग राहत नाही. या फोनवर पाहून पाठवलेल्या फोटोवरून एका ताईंनी साडी मागवली, ती रंग वेगळा म्हणून परत आली आणि आम्ही ती विनातक्रार परत घेतली. आमच्या धंद्यात वेगवेगळ्या वेळी रंगवलेले रेशीम एकाच अंगात विणले गेले आणि साडीत पट्टा दिसला, तर हातमागावर असे होतच असते हे खरे असूनही ती साडी चांगल्या मालाच्या भावाने विकली जात नाही. आमच्यासारख्या लहान दुकानाला जे पाळता येते, ते आपल्यासारख्या मोठ्या कंपनीने पाळावे ही अपेक्षा अवाजवी नाही.

पुढच्या सॉफ्टवेअर अपडेटची वाट पाहा, असेही मला फोनवर सुचवण्यात आले. संपूर्ण पडद्याला एकच झाक असती, तर या सूचनेत काही अर्थ होता. २०१७ साली सॅमसंगच्या गॅलेक्सी एस८ च्या काही फोनवर तांबूस झाक असल्याच्या तक्रारी दक्षिण कोरियात झाल्या, तेव्हा त्या कंपनीने अपडेट देऊन रंगसंतुलन अधिक बारकाईने जुळवण्याची सोय केली होती. परंतु सेटिंगमधली रंगसंतुलनाची पट्टी सरकवली की रंग सगळ्या पडद्यावर सारखाच बदलतो. माझ्या फोनवर तिने गुलाबीपणा घालवायला गेले की वरचा हिरवटपणा वाढतो, हे मी करून पाहिले आहे. त्याच वर्षी पिक्सेल २ एक्सएलच्या पडद्याबद्दल, विशेषतः तिरके पाहिल्यावर दिसणाऱ्या निळसर छटेबद्दल आणि पडद्यावर राहून जाणाऱ्या ठशांबद्दल तक्रारी आल्या, तेव्हा गूगलने पिक्सेल २ च्या दोन्ही फोनची वॉरंटी दोन वर्षांपर्यंत वाढवली होती. तक्रार ऐकून काहीतरी करणे शक्य असते, एवढे तरी यावरून दिसते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(१०) मधील ‘दोष’ या व्याख्येत कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याने स्वतः केलेल्या दाव्याने जो दर्जा राखायला हवा, त्यातील कोणतीही उणीव येते. आपले दावे वर दिलेच आहेत. कलम २(९) नुसार वस्तूच्या गुणवत्तेची आणि प्रमाणाची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. तेव्हा ज्या ‘मर्यादे’चा आधार घेऊन दुरुस्ती नाकारली, ती मर्यादा मला लेखी कळवावी: पडद्यावरच्या किती ठिकाणी, कोणत्या ब्राइटनेसला, कोणत्या राखाडी छटेवर मोजणी होते, दोन ठिकाणांमध्ये किती फरक चालतो, आणि माझ्या फोनची मोजणी केव्हा, कोणत्या उपकरणाने झाली. माझ्या माहितीप्रमाणे ती झालेलीच नाही. डोळ्यांनी पाहून शेरा मारला गेला आहे. या मॉडेलसाठी एकाहून अधिक उत्पादकांची पॅनेल वापरली जात असतील, तर माझ्या फोनमध्ये कोणाचे पॅनेल आहे आणि सर्वांसाठी निकष एकच आहे का, हेही कळवावे.

माझी मुख्य मागणी अशी, की या फोनचा डिस्प्ले वॉरंटीखाली, कोणताही आकार न घेता, नव्या डिस्प्लेने बदलून द्यावा आणि तो ताब्यात देण्यापूर्वी कमी ब्राइटनेसवर राखाडी चित्र लावून माझ्यासमोर तपासावा. दुरुस्त करून पुन्हा वापरलेले पॅनेल मला नको आहे, तसेच फोन उघडल्यामुळे पाण्यापासूनचे त्याचे संरक्षण कमी होणार नाही याची लेखी हमी हवी. असा डिस्प्ले देता येत नसेल, तर फोन परत घेऊन बिलाची पूर्ण रक्कम परत करावी. माझ्यापुरती ही तक्रार मिटली तरी सर्व्हिस सेंटरच्या तपासणीत कमी ब्राइटनेसवरील राखाडी चाचणीचा समावेश करावा, अशी आग्रहाची विनंती आहे, कारण हा दोष तिथेच दिसतो आणि आज नेमके तिथेच कोणी पाहत नाही.

खरेदी आपल्याच संकेतस्थळावरून झालेली असल्याने ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि तक्रारीचे निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करून नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन, आणि कलम ३८ मधील तरतुदीनुसार पडद्याची योग्य प्रयोगशाळेत तपासणी व्हावी अशी विनंती करेन. तिथे मोजणी होऊन आकडे समोर येण्याआधी आपणच ती करून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

सोबत बिल, जॉबशीट व ईमेलच्या प्रती, फोनच्या आयएमईआय क्रमांकाची नोंद, आणि दोन्ही फोन शेजारी ठेवून काढलेले मूळ, संपादन न केलेले फोटो जोडले आहेत. फोन तपासणीसाठी केव्हा आणावा ते कळवावे, आणि उत्तर लेखी व शक्यतो मराठीत द्यावे.

आपली विश्वासू,
(सही)
येवला, जि. नाशिक