वर्ष घे, पण तारीख लावून

चि. मृणाल हीस,
अनेक आशीर्वाद.

तुला नोकरीला लागण्याआधी एक वर्ष हवं आहे, तर ते घे. आधीच लिहून टाकतो, म्हणजे बाकीचं पत्र तू धास्तीने वाचणार नाहीस. तुझ्या आईशी बोललो, तिचीही ना नाही. आत्या विचारेलच, "पोरगी रिकामी काहून बसवली?" आणि त्याच दमात एखादं स्थळही सुचवेल. तिला काय सांगायचं ते मी बघतो, तू त्यात पडू नकोस.

माझं मागणं एवढंच आहे. वर्ष कधी संपणार ती तारीख आजच ठरव. आणि काम असं निवड की तू एक दिवस गेली नाहीस तर कोणीतरी विचारेल, आज का आली नाही?

हे मी इथे नागपुरात, महाल भागातल्या आपल्या अभ्यासिकेत रोज जे बघतो त्यावरून लिहितो आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडची पोरं पदवी झाली की महिन्याच्या फीवर एक खुर्ची घेतात. सकाळी येतात, डब्यापुरती उठतात, रात्री कुलूप लावायच्या वेळेला निघतात. त्यांच्या कष्टाला मी मनापासून मानतो. त्यातले काही तलाठी झाले, काही फौजदार झाले, पेढे घेऊन आले, तेव्हा मला घरातलंच कोणी पास झाल्यासारखं वाटलं. पण यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला अलीकडे दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि निवड होते हजारेक जणांची. तिथे निदान खुल्या गटाला ३२ वर्षं आणि सहा प्रयत्न अशी मर्यादा आहे. एमपीएससीच्या बऱ्याच पदांना खुल्या गटाची वयाची अट ३८. म्हणजे बावीस वर्षांच्या पोराला "आता बस झालं" असं सांगणारा नियम सोळा वर्षं लांब असतो. मधल्या काळात जाहिरात लांबते, परीक्षा पुढे जाते, निकाल अडकतो, आणि गावाकडून फोन येतो तेव्हा सांगायला "तयारी सुरू आहे" याखेरीज काही नसतं. एखादा चार दिवस आला नाही तर खुर्ची रिकामी आहे हे फक्त मला दिसतं. या पोरांना मी अभ्यासाइतकंच हेही सांगतो की दिवसातले दोन तास कोणाच्या तरी उपयोगी पडा. गोंदियाकडचा एक मुलगा संध्याकाळी नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. परीक्षेचा निकाल वाईट लागला त्या दिवशीही तो शिकवायला गेला, कारण मुलं येऊन बसली होती.

तुला स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर तीही दे, पण अशी. किती प्रयत्न करायचे तो आकडा पहिला अर्ज भरायच्या आधी ठरव.

खरं सांगू, तुझ्यासाठी माझ्या मनात वेगळंच काहीतरी आहे. तू वनस्पतीशास्त्र शिकलीस आणि राज्याचं जैवविविधता मंडळ आपल्याच गावात, नागपुरात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत एक समिती असायला हवी, आणि त्या समितीने लोकांच्या मदतीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. गावात कुठली झाडं, कुठलं बियाणं, कुठली रानभाजी, कशाचा काय उपयोग, हे त्यात यायला हवं. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली तेव्हा देशभर या वह्या घाईघाईने भरल्या गेल्या. घाईत म्हाताऱ्या बाईजवळ बसून तरोटा कधी खुडायचा, वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, कुठल्या रानात मिळतात, मोहफुलं कशी वाळवायची हे कोण विचारणार? गावातली माणसं झाड ओळखतात, तुला त्याचं शास्त्रीय नाव आणि कूळ माहीत आहे. दोन्ही एका ओळीत आली की नोंद पुढच्या माणसाच्या कामी येते. आता पाऊस येईल, रानभाज्या निघतील. एखाद्या तालुक्यातली चार-पाच गावं धर, मंडळाच्या कार्यालयात आणि पंचायतीत जाऊन भेट, आणि वर्षभरात त्या गावांच्या वह्या नीट करून दे.

जमलं तर मेंढा-लेखाला जाऊन ये. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं हे छोटं गोंड गाव. २००९ मध्ये त्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि तिथला बांबू ग्रामसभा स्वतः विकते. जंगलाचा हिशेब ठेवायला कसली माणसं लागतात ते तुला तिथे कळेल.

गडचिरोलीतच शोधग्राम आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही आरोग्याचं काम करणारी संस्था सुरू केली, तिचं हे ठिकाण, आणि २००६ पासून तिथे तरुणांसाठी 'निर्माण' हा उपक्रम चालतो. त्यांची शिबिरं होतात, शिवाय वर्षभर एखाद्या संस्थेत काम करायची 'कर के देखो' ही फेलोशिप आहे. स्टेट बँकेची 'यूथ फॉर इंडिया' तेरा महिन्यांची, २१ ते ३२ वयाच्या पदवीधरांसाठी, खेड्यात राहून. 'टीच फॉर इंडिया' दोन वर्षांची, शाळेत शिकवण्याची. तू मागितलंस एक वर्ष, म्हणून ती मी मागे ठेवतो. या सगळ्यांत मानधन मिळतं, जेवण्या-राहण्यापुरतं. शिकाऊ उमेदवारीही आहे, १९६१ च्या कायद्याखालची, आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतर ती साध्या पदवीधरांनाही खुली झाली. एखाद्या प्रयोगशाळेत किंवा रोपवाटिकेत कामाची शिस्त लागेल.

एम.एस्सी.चं म्हणशील तर तो दरवाजा बंद होत नाही. प्रवेश पुढच्या वर्षीही असतील, आणि पुढे नेट-जेआरएफ, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनवृत्तीची परीक्षा, द्यायची असेल तर तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.एस्सी. लागेलच. पण फक्त वेळ काढायला एम.एस्सी.ला जाऊ नकोस. रानात वर्ष काढून जाशील तर कुठला विषय घ्यायचा ते तुला कोणाला विचारावं लागणार नाही.

पैशाचं स्पष्ट सांगतो. पुण्याची खोली सोड, सामान घेऊन नागपूरला ये. घरचं जेवण आहे, गाडी आहे, बसच्या आणि राहण्याच्या खर्चाचं मी बघेन. मोबाईलचं बिल आणि वरखर्च तू दोन शिकवण्या घेऊन भाग. दर महिन्याच्या शेवटी काय झालं, काय अडलं ते मला आणि आईला सांग. रागवण्यासाठी विचारत नाही, अडलेलं एकटीने धरून बसू नये म्हणून विचारतो.

अर्जांच्या तारखा तू स्वतः बघ, दरवर्षी बदलतात. दोन-तीन ठिकाणं निवडून रविवारी फोन कर, वर्ष संपायची तारीखही तेव्हाच सांग. आणि येताना झाडांची ती जाड पुस्तकं तिथे कोणाला देऊन टाकू नकोस, इथे लागतील.

तुझे,
बाबा