मोहाची बातमी फक्त छाप्यापुरतीच का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात नेहमीचीच बातमी होती, सातपुड्याच्या पायथ्याशी हातभट्टीवर छापा, मोहाच्या फुलांचं रसायन ओतून नष्ट. एरवी मी अशी बातमी वाचून पान उलटतो पण यावेळी अडकलो, कारण नुकताच महिनाभर लेकीकडे पोलंडला राहून आलोय आणि तिथं गावठी मालाचं लोकांनी काय करून ठेवलंय ते बघितलं आणि खोटं कशाला बोलू, चाखलं पण.

लेक-जावई व्रोत्सवाफ शहरात असतात. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून त्यांनी एका नव्या स्टाईलच्या पोलिश हॉटेलात नेलं, व्होडकासाठी फेमस आहे म्हणे. मला वाटलं अंधार, धूर, धिंगाणा असेल, आमची ही तर दारातूनच परत फिरायला निघाली होती. आत बघतो तर शेजारच्या टेबलावर एक आजी नातवाला सूप भरवतेय आणि तिच्यापुढे इवलासा ग्लास, गारेगार, बाहेरून धुकं धरलेला. भिंतीला फळीवर बरण्याच बरण्या, आपल्याकडे लोणच्याच्या असतात तशा, त्यात चेरी, मध, कसली कसली फळं दारूत मुरत घातलेली. याला नालेव्का म्हणतात.

पहिलं आलं झुरेक, म्हणजे राय नावाच्या धान्याचं पीठ (आपली मोहरीवाली राई नव्हे) चार-पाच दिवस आंबवून केलेलं सूप, अगदी आपल्या आंबिलीची धाकटी बहीण. मग पिएरोगी, आत बटाटा आणि पनीरसारखं काहीतरी. ही म्हणाली, "हाई ते करंजी शे!" आणि सहा खाल्ल्या. व्होडका तिथं घोट घोट घेत बसत नाहीत, "ना झ्द्रोव्ये" (म्हणजे आपलं चिअर्स) म्हणायचं, एका दमात ग्लास रिकामा करायचा आणि वर आंबवलेल्या काकडीचा तुकडा. मला दिली ती झुब्रूव्का, बाटलीत गवताची एक लांब काडी असते, ब्यावोव्येझाच्या जंगलातलं गवत, तिथले रानगवे खातात ते. वास अगदी नुकत्याच कापलेल्या चाऱ्याचा. जावयाने सांगितलं की व्होडका म्हणजे त्यांच्या भाषेत "छोटंसं पाणी".

पण मला खरं नवल वाटलं ते कायद्याचं. 2013 पासून तिथं नियमच आहे, पोलंडमध्ये पिकलेलं धान्य नाहीतर बटाटा वापरला असेल तरच बाटलीवर "पोलिश व्होडका" लिहायचं. म्हणजे बाटली विकली की बटाटेवाल्या शेतकऱ्याचंही नाव होतं.

आणि आपण? मार्च-एप्रिलात पहाटे आमच्या नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर बाया टोपल्या घेऊन मोहाखाली वाकलेल्या असतात, फुलं वाळवतात आणि व्यापारी देईल त्या भावात देऊन टाकतात. पूजेत देवाला पहिली धार वाहिल्याशिवाय त्यांचं काम होत नाही, पण पेपरात ती दिसते पोलिसांच्या पंचनाम्यातच. फुलं गोळा करण्यावरची, नेण्या-आणण्यावरची बंधनं सरकारने 2021 मध्ये उठवली हे चांगलंच केलं, पण पुढे? गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्येच जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. नर्मदेच्या पलीकडे अलीराजपूरला मध्य प्रदेश सरकारने मोहाची हेरिटेज दारू रीतसर बाटलीत भरली, तीच झाडं, तेच भिल्ल-पावरा लोक, मधे फक्त नदी आहे.

लोकांनी प्यावं असं मी म्हणत नाही, आयुष्यभर शाळेत मास्तरकी केलीय आणि हातभट्टीच्या विषारी दारूने उद्ध्वस्त झालेली घरं पण पाहिलीत. म्हणूनच म्हणतो, लपूनछपून होण्यापेक्षा बचत गटाच्या बायांना लायसन द्या, माल तपासा, आणि शहाद्या-नंदुरबारच्या एखाद्या हॉटेलात भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेच्यासोबत छोटा ग्लास मिळू द्या. आमच्याकडे पाहुणा आला की हॉटेलात पनीर टिक्काच पुढे येतो, याची लाज कुणालाच वाटत नाही.

येताना एक झुब्रूव्का आणली होती. शेतावर अनेक वर्षं सोबत असलेल्या आमच्या पावरा दोस्ताला थोडी दिली. त्याने वास घेतला, एका दमात प्यायला, ग्लास उलटा करून बघितला आणि म्हणाला, "मास्तर, हाई ते पानीच शे."

आपला,
एक निवृत्त शिक्षक, शहादा