सप्टेंबरचं बुकिंग एप्रिलात

चि. ऋता,
अनेक आशीर्वाद.

शाळांसाठी आपल्या डब्या-भांड्यांचा फंडरेझर (मुलांनी ऑर्डरी आणायच्या, विक्रीतला वाटा शाळेला) करण्याबद्दल परवा फोनवर म्हणालीस, "सप्टेंबर लागला की शाळांना विचारीन गं." पोळी तव्यावर होती म्हणून तेव्हा बोलले नाही. सप्टेंबरात विचारशील तर हात हलवत परत येशील. पीटीएची, म्हणजे पालक-शिक्षक संघाची, नवी कमिटी सहसा उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच ठरते आणि वर्षभराच्या तारखाही तेव्हाच धरल्या जातात. इथे न्यू जर्सीत शाळा बहुतेक लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, सुमारास उघडतात, म्हणून मी मे महिन्यात फोनाला बसायची. तुमच्या टेक्सासात ऑगस्टमध्येच घंटा वाजते, तेव्हा तू एप्रिल धर.

तारीख नेहमी उलटी मोजायची. थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. त्याच्या आदल्या आठवड्यात माल घरोघरी पोचलेला हवा, कारण बेकिंगचं भांडं लोकांना त्याच गुरुवारी लागतं. कंपनीकडून खोकी यायला तीन आठवडे धर. म्हणजे भरलेले ऑर्डर फॉर्म ऑक्टोबर संपायच्या आत तुझ्या हातात हवेत आणि त्यासाठी कोरे फॉर्म ऑक्टोबरच्या साधारण दहा तारखेला मुलांच्या दप्तरात गेले पाहिजेत. दोन आठवड्यांपेक्षा जास्त मुदत देऊ नकोस. फॉर्म फ्रिजवर चिकटतो आणि तिथेच राहतो.

जानेवारी-फेब्रुवारीत कुणाच्या दारी जाऊ नकोस. गर्ल स्काउटच्या चिमुरड्या कुकीज घेऊन दुकानाबाहेर उभ्या असताना आपल्या उलथन्याकडे कोण बघणार? पुढचा हंगाम एकदम मदर्स डेचा, मेच्या दुसऱ्या रविवारच्या आधीचा.

सगळ्या जणी एलिमेंटरी शाळांच्या मागे धावतात. माझा भरवसा हायस्कूलच्या मार्चिंग बँडवर आणि गावातल्या व्हॉलंटियर फायर कंपनीवर, म्हणजे स्वयंसेवकांच्या अग्निशमन दलावर. बँडला सहलीसाठी ठरलेली रक्कम ठरल्या दिवशी हवी असते, त्यामुळे आयाच फॉर्म गोळा करत फिरतात, आपल्याला आठवण करावी लागत नाही. फायरवाल्यांच्या पॅनकेक ब्रेकफास्टला एक टेबल मागून घे, बस.

मंडळाच्या मराठी शाळेचं गणित मात्र वेगळं. तिथे माल दिवाळीआधी द्यायचा, म्हणून कालनिर्णय उघडल्याशिवाय तारीख बोलू नकोस. आणि आपली माणसं कॅटलॉग बघून पैसे काढत नाहीत. डबा मांडून ठेव. झाकण लावून उलटा धरतील, वास घेतील, "यात लोणचं चालेल का?" विचारतील, मग नाव लिहितील.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते. माझा पहिला फंडरेझर एका शाळेचा होता. मी तोऱ्यात म्हणाले, विक्रीचे चाळीस टक्के तुमचे. पोस्टेज आणि टॅक्स त्या आकड्यात कसे बसतात हे कंपनीच्या कागदावर बारीक अक्षरात होतं, ते मी वाचलंच नव्हतं. हिशोब लागला तेव्हा शाळेच्या वाट्याला कबूल केल्यापेक्षा १८६ डॉलर कमी आले. ते मी घरातून भरले. बाबा काही बोलले नाहीत, नुसतं चेकबुक पुढे सरकवलं. त्याचंच जास्त लागलं. तेव्हापासून पहिल्या भेटीतच कागदावर लिहून देते: एका वस्तूमागे ग्रुपला किती, मला किती, वरचा खर्च कुणाचा. माझं कमिशन त्यांच्यासमोर लिहायला सुरुवातीला लाज वाटायची. पण त्या कागदानंतर घासाघीस करणारी ट्रेझरर मला भेटलेली नाही. चेक मात्र ग्रुपच्याच नावाने घ्यायला सांग, तुझ्या नावाने एकही नको.

खोकी आली की वस्तूंप्रमाणे लावू नकोस, मुलांप्रमाणे लाव. तू सहावीत असताना डायनिंग टेबलावर पिशव्यांवर नावं लिहायला बसायचीस, आठवतं? एकदा दोन एमिलींची अदलाबदल झाली होती. म्हणून आडनावासोबत वर्गही लिही.

तुझी अपलाइन, म्हणजे तुला कंपनीत आणणारी बाई, सांगते तसं पीटीएच्या बायकांना टीममध्ये ओढायला जाऊ नकोस. मुलांच्या सहलीसाठी आलेल्या बाईला आपण भरतीचा फॉर्म दिला की पुढच्या वर्षी ती फोन उचलत नाही. माझा एक चांगला ग्रुप असाच गेला.

माझी निळी वही पोस्टाने पाठवली आहे. फायर कंपनीच्या पानावर हळदीचा डाग आहे, त्याखालची तारीख २२ आहे, २७ नाही. त्या बँडच्या बाईंना याच आठवड्यात फोन कर. बाळाचे कान आता बरे आहेत ना?

तुझी,
आई