मंत्रिमहोदय, एकदा आमच्या बोर्डिंगची रात्रीची हजेरी घ्या

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
मुक्काम : नागपूर

महोदय,

सविनय नमस्कार.

१९५३ च्या नागपूर करारामुळे दर हिवाळ्यात सरकार अधिवेशनासाठी आमच्या दारी येतं. शिक्षकांचे मोर्चेही येतात. मला यंदा येता येणार नाही. या आठवड्यात मुलींच्या बोर्डिंगची रात्रपाळी माझ्याकडे आहे आणि बदली घ्यायला दुसरं कोणी नाही. म्हणून हे पत्र.

मी पारशिवनी तालुक्यातल्या एका मिशनच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. शाळा अनुदानित, पाचवी ते दहावी. बोर्डिंग मात्र संस्था स्वतःच्या बळावर चालवते. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या सिस्टरांना खात्याच्या त्याच टेबलांपुढे पुन्हा उभं राहायचं आहे.

बोर्डिंगमधल्या शिक्षिकेचं अर्धं आयुष्य मुलं मोजण्यात जातं. पहाटे पाचला घंटा होते, तेव्हा पहिली मोजणी. डिसेंबरात त्या वेळी मिट्ट काळोख असतो, पाणी तापवायला एकच चूल असते आणि तिच्यावर पहिला हक्क पाचवीच्या पोरींचा. मग प्रार्थनेला मोजणी, वर्गात हजेरी, दुपारी ताटं, संध्याकाळी बोरिंगवरून परतताना रांग. रात्री साडेआठला टॉर्च घेऊन शेवटची. ही शेवटची सगळ्यात अवघड. नव्याने आलेल्या मुलींना एकटं झोपायची सवय नसते. घरी बहीण-भाऊ, आजी सगळी एका वाकळीखाली झोपलेली असतात. त्या हळूच मैत्रिणीच्या पांघरुणात शिरतात. म्हणून गाद्या मोजून भागत नाही, डोकी मोजावी लागतात. मी ती हात लावून मोजते. ताप कोणाला आहे, रडून कोण झोपलंय, हेही तेव्हाच कळतं.

साहेब, आपलं खातंही आमची मुलं मोजतं. त्या मोजणीबद्दलच मला बोलायचं आहे.

संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवण्यासाठी, ३० सप्टेंबरचा पट धरतात. आमच्याकडे मुलं येतात दिवाळीनंतर. धान कापणी उरकली की माणसं बाहेर पडतात. कोणी कापूस वेचायला, कोणी मिरचीच्या सातऱ्यावर देठं खुडायला, कोणी वीटभट्टीवर. त्याआधी एखाद्या सकाळी बाप मोटरसायकलवर पत्र्याची पेटी आणि मागे पोरगी घेऊन येतो आणि म्हणतो, "मॅडम, होळीपर्यंत तरी ठेवून घ्या." ठेवून घेतो. नाही घेतलं तर ती भट्टीवर जाईल आणि धाकट्या भावाला सांभाळत बसेल, हे बापालाही माहीत असतं आणि आम्हालाही. सप्टेंबरअखेर आमचे काही पलंग रिकामे असतात आणि डिसेंबरात खाली सतरंज्या अंथराव्या लागतात. पण खात्याच्या हिशेबात आमची शाळा वर्षभर सप्टेंबरएवढीच राहते.

बरं, जी मुलं सप्टेंबरात असतात तीही सगळी धरली जात नाहीत. आधार जुळलं तरच मूल मोजायचं. यंदा आमच्या १७ मुलांची नोंद जुळली नाही. कारणं काय? जन्मदाखल्यावर "उइके", आधारावर "उईके", इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. कुणाची जन्मतारीख अंदाजाने १ जून टाकलेली. कुणाचं पाच वर्षांचं झाल्यावर करायचं ठशांचं अद्ययावतीकरण राहून गेलेलं, कारण त्या वर्षी आईबाप गावातच नव्हते.

सहावीतल्या एका मुलीला मी तालुक्याच्या केंद्रावर तीनदा घेऊन गेले. पहिल्यांदा म्हणाले, पालक आणा. दुसऱ्यांदा बाप मजुरी बुडवून आला, तर मशीन बंद. तिसऱ्यांदा ठसे उमटेनात. बोटं पुसली, पुन्हा ठेवली, पुन्हा लाल दिवा. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "मॅडम, मी नापास झाली का?" पाढे न अडखळता म्हणणारी मुलगी आहे ही. परतीच्या एसटीत मी तिला काय सांगायला हवं होतं, हे मला अजून सुचलेलं नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की वयाचा दाखला नाही म्हणून कुणाला प्रवेश नाकारू नये, आणि मूल उशिरा आलं तरी त्याला घ्यावं. अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही असा २०१४ चा निकाल आहे, हे मी जाणते. तरी त्यामागची भावना आम्ही पाळतोच. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही आणि ते नाही म्हणून कुठल्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही. मुलाला शिकवायला माणूस देणं, हा लाभ नाही का?

आणखी एक. शालेय पोषण आहारासाठी रोज दुपारी किती मुलं जेवली, ती संख्या आम्ही मोबाईलवरून भरतो. त्यावर सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ हिशेबात धरला जातो. म्हणजे माझी ती मुलगी दुपारी एक वाजता सरकारदरबारी हजर असते. तिच्या ताटातला भात सरकारला मान्य आहे. दोन वाजता ती गणिताच्या तासाला बसते, तेव्हा मात्र ती नसते.

संचमान्यतेच्या निकषांबद्दलच्या १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर लहान पटाच्या शाळांवरची टांगती तलवार आणखी खाली आली. आमचे गणिताचे सर पटाच्या मानाने अतिरिक्त ठरले आणि समायोजनात दुसऱ्या शाळेत निघून गेले. २१ वर्षं होते. त्यांच्या निरोपाच्या दिवशी नववीची मुलं फाटकाला धरून उभी होती. आता आठवीचं बीजगणित मी शिकवते, इतिहासाची बाई. रात्रीची मोजणी झाली की दुसऱ्या दिवशीची उदाहरणं सोडवून पाहते. चुकलं तर पोरांचं नुकसान होईल, याची भीती वाटते. ती मुलं पुढच्या दोन वर्षांत दहावीला बसतील.

नागपुरात मिशनचं काम सुरू करणारे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली इथे आले. आमची संस्था त्यांची नव्हे. पण त्यांची एक गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. त्यांनी गोंडांच्या लिंगो या पुराणपुरुषाची गाथा गाणाऱ्याच्या तोंडून ऐकून लिहून घेतली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये ती छापली गेली. ज्यांचं कुणी काही लिहून ठेवत नव्हतं, त्यांच्यापाशी बसून, नीट ऐकून लिहिणं. आमच्या वर्गात मडावी, धुर्वे, कुमरे, उईके बसतात. त्यांची नावं लिहिणाऱ्याने तेवढंच ऐकून घेतलं असतं, तर एका वेलांटीपायी मूल पटावरून उडालं नसतं.

मागणं फार नाही. सप्टेंबरच्या पटाला जोडून जानेवारीत एकदा केंद्रप्रमुखांना पाठवा आणि समोर बसलेली मुलं मोजू द्या. स्थलांतर होणाऱ्या तालुक्यांत ही दुसरी मोजणी संचमान्यतेला धरा. आधार न जुळलेल्या मुलासाठी हजेरीपट, पोषण आहाराची नोंद आणि केंद्रप्रमुखांची सही पुरावा म्हणून माना. आणि आधारचं यंत्र जूनमध्ये शाळेत पाठवा, आईबाप गावात असतात तेव्हा. दिवाळीनंतर लावलेल्या शिबिराचा आम्हाला उपयोग नाही.

अधिवेशन संपायच्या आत एका संध्याकाळी या, साहेब. नागपूरहून तास-सव्वा तासाचा रस्ता आहे. गाड्यांचा ताफा नको, मुली बुजतात. वरण-भात आणि वांग्याची भाजी असेल. साडेआठच्या मोजणीला माझ्यासोबत चला. दिवे गेले तर टॉर्च आहे. दारापासून तिसऱ्या ओळीत, भिंतीच्या बाजूला ती सहावीतली मुलगी झोपते.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका
ता. पारशिवनी, जि. नागपूर