युरिक अॅसिडची गोळी देताना हृदयाचं कोण विचारणार?

संपादक साहेब, नमस्कार,

हल्ली फुल बॉडी चेकअपमध्ये युरिक अॅसिड ७.४ आलं, आकडा ठळक छापून आला, की लगेच ते कमी करणारी फेबुक्सोस्टॅट गोळी सुरू. पायाचा अंगठा कधी सुजलेला नाही, ठणकलेला नाही, तरी गोळी चालू आणि मग वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणत राहायची. आमच्या काकांची अँजिओप्लास्टी झालीय, त्यांनाही हीच गोळी दिली, हृदयाचं कुणी विचारलंसुद्धा नाही.

अमेरिकेत २००९ साली ही गोळी मंजूर झाली तेव्हाच हृदयाबद्दल शंका होती, म्हणून तिथल्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, कंपनीला वेगळी चाचणी करायला लावली. तिचा निकाल २०१८ ला आला. गाऊट (युरिक अॅसिडमुळे अंगठा, सांधे सुजण्याचा आजार) आणि हृदयविकार दोन्ही असलेले ६१९० पेशंट, काहींना ही गोळी, काहींना जुनी अॅलोप्युरिनॉल. हृदयाचे एकूण त्रास दोन्हीकडे सारखेच निघाले पण हृदयविकाराने मृत्यू फेबुक्सोस्टॅटवाल्यांत ४.३ टक्के आणि दुसऱ्यांत ३.२ टक्के. २०१९ ला एफडीएने ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. त्यानंतर २०२० मध्ये युरोपातल्या चाचणीत मृत्यू वाढलेले दिसले नाहीत, आणि अमेरिकेतल्या चाचणीत अर्ध्याहून जास्त लोकांनी गोळी मधेच सोडली होती, त्यामुळे वाद अजून आहे.

ही गोळी वाईट आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही. ज्याला खरा गाऊट आहे, रात्री अंगठ्याला चादर लागली तरी जीव जातो, त्याला युरिक अॅसिड कमी करणारं औषध लागतंच. अॅलोप्युरिनॉलही निर्धोक नाही, क्वचित अंगावर भयंकर रिअॅक्शन येते, म्हणून ती १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी डोसने सुरू करतात. आणि कुठलीही गोळी सुरू केली की पहिले काही महिने गाऊटचे अटॅक उलट वाढू शकतात, म्हणून सोबत ते रोखणारं कोल्चिसिन हे औषध देतात, हे पेशंटला कुणी सांगतच नाही, मग तो वैतागून गोळी सोडतो.

पण या दोन्ही चाचण्या गाऊट असलेल्यांवर झाल्यात हो! नुसता रिपोर्टमधला आकडा वाढलेल्यांना गोळी सुरू करू नका असं अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्येच सांगितलंय. मग आपल्याकडे सरसकट का देतात?

डॉक्टरांनी लिहिण्याआधी हृदयाचं विचारावं, पेशंटनेही आपणहून सांगावं, मात्र चालू गोळी मनाने बंद करू नये. गोळीमुळे काही त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल फ्री नंबरवर कळवता येतं, हा नंबर कृपया ठळक छापा.

- एक वाचक, सोलापूर